पोरगी कुणावर गेली

हौसाआत्या माणसाचे दात बघायची. नवीन माणूस समोर आला की आधी दात, मग नाव, मग गाव. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा त्याला म्हणाली, हस बघू. तो बिचारा हसला. "बरं हाय," म्हणाली आणि आपल्या खोलीत निघून गेली. मेंढरू विकत घेताना त्याचं वय दातांवरून कळतं, आणि तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. पण माणसाचं त्यावरून काय कळतं, असं मी एकदा विचारलं. "ह्यात काय इचारायचं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. चहात साखर किती टाकू, उद्या पाणी येणार का, देव आहे का, सगळ्याला हेच.

ती आमची शेजारीण होती. कारेगावात कंपनीतल्या लोकांना भाड्यानं द्यायला बांधलेल्या खोल्यांची एक ओळ आहे. त्यात एक खोली आमची, पलीकडची तिच्या मुलाची, संतोषची. संतोष आणि माझा नवरा दोघंही एमआयडीसीत. मी दौंडची, नाव रुबीना. शिरूरला एका केंद्रात कामाला जाते. न बोलणारी, हाकेला ओ न देणारी, नजर चुकवणारी मुलं तिथं येतात. त्यांना एका जागी बसायला, हवं ते मागायला, हात धुवायला शिकवायचं, हे माझं काम. हे करून करून मी जरा बधिर झालेय, ते आधीच सांगून टाकते. पूर्वी एखादी आई रडायला लागली की मलाही भरून यायचं. आता मी पाण्याचा ग्लास पुढं करते.

आत्याचं सासर कासुर्डीजवळच्या वस्तीवरचं. दसरा झाला की बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांमागं कोकणात उतरायचं आणि पाऊस पडायच्या आत परत यायचं, असं कैक वर्षं चाललं. मग मेंढरं विकली, थोडी बागायत केली, मुलं कंपनीत लागली. नातीला सांभाळायला म्हणून ती कारेगावात आली ती आपला डोंगरातला कारभार सोबत घेऊनच. दाराला कडी कधी घालायची नाही. पंखा लावला की उठून बाहेर जाऊन झोपायची. ओळीत निम्मी पोरं बिहारची, त्यांच्याशी ती मोठ्यानं मराठीत बोलायची आणि ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोन्हीकडच्यांचं व्यवस्थित चालायचं. नगर रोड ओलांडायचा झाला तर सगळ्या बायकापोरांना आधी एका जागी गोळा करायची, हात आडवा धरून ट्रकसमोर उभी राहायची आणि तोंडानं मेंढरं हाकायचा आवाज काढून आम्हाला पलीकडं घालवायची. ट्रकवाले शिव्या द्यायचे, पण थांबायचे. पलीकडं गेल्यावर ती एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायची. कुणी मागं राहिलेलं तिला चालायचं नाही.

सारिका तिची सून, पण त्याआधी तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. त्यामुळे ती सासूला आत्याच म्हणायची, आणि तिचं ऐकून आम्ही सगळेच आत्या म्हणायला लागलो. भावाची लेक सून करून आणायची यात त्यांच्याकडं विशेष काही नाही. उलट घरातलं माणूस घरात आलं म्हणून दोन्हीकडचे खूश होते. सारिका तेव्हा कंपनीत लाईनवर होती. मोठ्या आवाजाची, खळखळून हसणारी. कामावरून आली की अख्ख्या ओळीला कळायचं.

गौरी ही तिची मुलगी. दिसायला इतकी गोड की लोक रस्त्यात थांबून गाल ओढायचे, आणि ती किंचाळायची. तीन वर्षांची झाली तरी तोंडातून एक शब्द नाही. हाक मारली तर वळून बघायची नाही, पण आमच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तर उठून यायची, म्हणजे कान शाबूत होते. डब्यांची झाकणं फरशीवर गरगर फिरवायची आणि ती थांबेपर्यंत गाल फरशीला लावून बघत राहायची. मला लवकरच कळलं होतं. शेजाऱ्याला असलं सांगणं नको वाटतं, पण मी सांगितलं. आत्या म्हणाली, आमच्यात पोरं उशिराच बोलत्यात. मी म्हटलं, बोलू देत उशिरा, दाखवून तर आणू. शेवटी पुण्याला डॉक्टरकडं गेलो. मलाही सोबत नेलं.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या, त्यांना घाई नव्हती. गौरीला बराच वेळ खेळू दिलं, मग ऑटिझम म्हणजे काय ते नीट सांगितलं, मग विचारायला लागल्या. नवरा-बायको नात्यातले का? आत्या खुर्चीत पुढं सरकली आणि अभिमानानं म्हणाली, माझ्या भावाची लेक हाय, परक्याची कशाला करीन. दोन्ही घरांत कुणी मतिमंद, कुणी वेडसर, कुणाला फिट? आत्या म्हणाली, न्हाई. सारिकानं मान हलवली. संतोषनंही. तिघंही खोटं बोलत नव्हते, असं मला आजही वाटतं. मग बाळंतपणाचं विचारलं. ते दिवस भरायच्या आधीच झालं होतं, पोर काचेच्या पेटीत ठेवली होती.

सारिकानं विचारलं, हे कशानं झालं. डॉक्टर म्हणाल्या, एका गोष्टीकडं बोट दाखवता येत नाही. यातलं बरंचसं घराण्यातून येतं. त्यात पोटात असताना किंवा जन्माच्या वेळी काय घडलं, त्याचीही भर पडत असते. लवकर जन्मलेली बरीच मुलं पुढं व्यवस्थित असतात, नात्यात लग्न केलेल्यांचीही बरीच मुलं व्यवस्थित असतात. कुठलं कशात मिसळलं, ते एकेका मुलापुरतं सांगता येत नाही. आणि आईनं कामाला जायला नको होतं वगैरे मनात आणू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

दोनदा सांगून काही होत नाही, हे मी रोज बघते. माणूस आपल्याला पाहिजे तेवढंच घेऊन घरी येतो. आत्यानं त्यातलं 'जन्माच्या वेळी' एवढंच घेतलं. एसटीत बसल्याबसल्या तिचा हिशेब जुळला. सारिका पोटुशी असताना लाईनवर उभी राहायची, म्हणून पोर लवकर झाली, म्हणून हे असं. कंपनीनं पोरीचं वाटोळं केलं. दुसरी एखादी सासू असती तर म्हणाली असती, तुझ्या माहेरचंच रक्त असलं. आत्याला ते म्हणायची सोय नव्हती. सारिकाचं माहेर तेच तिचं माहेर. मग उरली कंपनी.

ती टोचून बोलायची नाही. उलट भाकरी थापता थापता सहज म्हणायची, तवा उभी ऱ्हाईली नसतीस तर पोर बोलली असती, आणि पहिली गरम भाकरी सारिकाच्याच ताटात टाकायची. तिच्या डोक्यावरून तेलाचा हात फिरवतानाही तेच. रोज. सारिकानं काम सोडलं. मग केस विंचरायचं सोडलं. मी काही विचारलं तर हं म्हणायची. त्या खोलीत आता न बोलणाऱ्या दोघी झाल्या. मी सारिकाला डॉक्टरांचं बोलणं परत परत सांगितलं. ती ऐकून घ्यायची. एके दिवशी धुणं वाळत घालताना तिनं मला विचारलं, "ताई, मी कामावर गेले नसते तर हिनं मला आई म्हनलं असतं का?"

मी नाही म्हटलं. तिनं पुढचा कपडा झटकला. माझ्या नाहीला तिथं काही किंमत नव्हती. ज्या बाईनं तिला लहानपणी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडले होते ती बाई हो म्हणत होती.

त्यातच आत्यानं धाकट्या मुलासाठी, अमोलसाठी, सारिकाचीच धाकटी बहीण मागितली. पूजा. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा होतील म्हणून सगळे हरखले. भावानं तोंडी होकार दिला. तारीख ठरवायला म्हणून हे सगळे सारिकाच्या माहेरी निघाले, आणि मी त्याच दिवशी सुट्टीला दौंडला निघाले होते. आत्यानं मलाही ओढलं. वाटंतच हाय, जेवून जा म्हणाली.

पाटसच्या पुढं, आत उसाच्या पट्ट्यात त्यांचं गाव. नवीन स्लॅबचं घर, चकचकीत फरशी. तिच्या भावाला सगळे आबा म्हणतात, तेच सारिकाचे वडील. गौरी गाडीत सारा वेळ रडली होती. उतरल्यावर ती कुणाकडं न बघता सरळ घरामागं गेली, म्हणून मी मागोमाग गेले. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये पन्नाशी उलटलेला एक माणूस उकिडवा बसला होता. बोटांत लोकरीचा पुंजका घेऊन तो चोळत होता आणि पुढं-मागं झुलत होता. मी समोर उभी राहिले तरी त्यानं वर बघितलं नाही. गौरी त्याच्याशेजारी जाऊन बसली, त्याच्याकडं पाठ करून, आणि जमिनीवर एक झाकण फिरवायला लागली. फार गोड काहीतरी घडलं असं समजू नका. थोड्या वेळानं तिनं त्याची लोकर ओढली. त्यानं स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावा घेतला आणि ओरडायला लागला, मग तीही ओरडायला लागली.

सारिका धावत आली. मी विचारलं, हे कोण. म्हणाली, बिरूनाना, माझे चुलते. बोलत नाहीत? न्हाई. पहिल्यापासून? व्हय. मी तिच्याकडं बघत राहिले. तिला काही म्हणजे काहीच जाणवलं नाही. तिच्या जन्माआधीपासून बिरूनाना तसाच होता. अंगणात लिंबाचं झाड असतं तसा तो होता. पुण्यातल्या डॉक्टरनं वेडसर कोण विचारल्यावर तो कुणाला आठवायचं कारणच नव्हतं.

परतताना संतोषच्या गाडीत माहेरनं दिलेली पोती भरली, जागा उरली नाही, म्हणून आत्या माझ्यासोबत पाटसच्या स्टॉपवर येऊन थांबली. मी बिरूचं काढलं. ती आपणहून सांगत गेली. बिरू तिचाच भाऊ, सगळ्यांत धाकटा. आईनं त्याला घोड्यावर बांधून वाढवला. मोठा झाल्यावर तो कळपाच्या मागं शेवटी चालायचा. कुणीतरी शेवटी चालावंच लागतं, तिथं बोलावं लागत नाही. एकाच तांब्यातलं दूध, त्यात भाकरी, दुसरं काही खायचा नाही, तर नाही. मेंढराला टेकून झोपायचा. फार हुशार होता, मेंढरं ओळखायचा, असलं काही नाही. चालायचा, बस. बोलण्यावाचून कुणाचं अडलं नाही, त्याचंही नाही. मग मेंढरं विकली आणि घर बांधलं. त्याला खोली दिली. मोटार, टीव्ही, आल्या-गेल्याची वर्दळ. तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. म्हणून त्याला मागं शेडमध्ये ठेवलं. "घर बांधलं तवापासनं बिघाडला त्यो," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, आत्या, डॉक्टरनं विचारलं होतं ना, घरात असं कुणी आहे का. ते हेच.

"ह्यात काय..." म्हणून ती थांबली. मग म्हणाली, बिरू वेडा न्हाई. मी म्हटलं, गौरी तरी कुठं वेडी आहे. दोन एसट्या येऊन गेल्या, तिनं हात केला नाही. मग रस्त्याकडं बघत तिनं मला मेंढ्याची गोष्ट सांगितली. कळपातला नर फार वर्षं ठेवत नाहीत. त्याच्याच पोटच्या मेंढ्या वयात आल्या की तो दुसऱ्या कळपाला देतात आणि तिकडचा आणतात, नाहीतर कोकरं कमजोर, अधू निघतात. तिचा बाप असा मेंढा बदलायचा, नवराही बदलायचा. हे तिनं सांगितलं आणि पुढची एसटी आल्यावर चढली. खिडकीतून मला हात केला नाही.

घरी आल्यावर तिनं काही काढलं नाही. मीही नाही काढलं. एवढंच झालं की भाकरी थापताना ती गप्प राहायला लागली. सारिकाच्या ते लक्षातही आलं नाही. तिला आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती, ती स्वतःच स्वतःला सांगत होती. आत्या अधूनमधून चूल विझली का बघावं तसं सुनेच्या तोंडाकडं बघायची. मला तिचा राग यायला पाहिजे होता. मला काहीच आलं नाही.

पूजाच्या सुपारीला मला आग्रहानं नेलं. आबांच्या दारात मांडव, पुरुष एका बाजूला सतरंजीवर, बायका आत उंबऱ्याशी. पूजाला पाटावर बसवलं. ओटी भरायला सवाष्णी उठल्या. सारिका थोरली बहीण, तिनं हळदीकुंकवाचं तबक उचललं. तिच्या मावशीनं तिचा हात धरला. वाईट आवाजात नाही, अगदी मायेनं म्हणाली, तू ऱ्हाऊ दे बाई, तुझ्या पोटाला कंपनीचं लागलंय, नव्या पोरीला कशाला. सारिकानं तबक खाली ठेवलं. तिला वाईट वाटलेलंही दिसलं नाही. तिला ते पटलंच होतं.

आत्या पुरुषांच्या बाजूला मानपानाचं बोलत उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "सारके, उचल ते तबक."

आबांनी विचारलं, काय झालं आक्का. आत्या मांडवाच्या मध्ये आली.

"पोरीला कंपनीनं काय केल्यालं न्हाई. पोरगी बिरूवर गेलीया. आन् बिरू माज्या आईच्या पोटचा. मीबी तिच्याच पोटची. सारकीकडनं आलं असंल तर माज्याकडनंबी आलंय."

आबा म्हणाले, चार माणसांत काय बोलतीस. तिनं तिथंच, चार माणसांतच, पुढचं सांगितलं. मेंढा आपण बदलत होतो, माणसाचं मात्र ध्यानात घेतलं नाही. पूजाला मी करून घेत नाही. तिला लांब द्या, गुणाची पोर आहे, दात चांगले आहेत. या शेवटच्या वाक्यावर मागं बसलेलं कुणीतरी हसलं. आबांनी उठून तिनं पूजासाठी आणलेला नारळ आणि लुगडं परत तिच्या पायाशी ठेवलं. म्हणाले, एवढं कळतंय तर बिरूलाबी घेऊन जा.

ती घेऊन गेली. त्याच दुपारी, दुधाच्या टेम्पोत. बिरू टेम्पोत ओरडत होता आणि ती त्याला हात न लावता समोर बसली होती.

आता खरं सांगायचं तर तिचं बोलणंही पुरतं बरोबर नव्हतं. आधी सगळं कंपनीवर टाकलं होतं, आता सगळं रक्तावर. डॉक्टर म्हणाल्या होत्या ते दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं, आणि मधलं कुणालाच नको असतं. बिरूचंच बघा ना. तो जन्मला तसाच होता, पण कळपामागं त्याचं निभावलं आणि फरशीच्या खोलीत निभावलं नाही. हे मी सारिकाला समजावून सांगायला लागले तर ती म्हणाली, ताई, ऱ्हाऊ द्या. त्या दिवशी घरी येऊन ती भरदुपारी झोपली, गौरी शेजारी झाकणं वाजवत असताना झोपली, आणि संतोषनं स्वयंपाक केला. काही आठवड्यांनी ती परत कंपनीत लागली. हसायला-बिसायला लागली असं म्हणणार नाही. केस विंचरून जाते.

आत्या कारेगावला परत आली नाही. बिरूला तिथं आणणं शक्य नव्हतं. सकाळी शिरूरला जाताना गौरीला मी सोबत नेते, सारिका सुटल्यावर येऊन घेते. गौरी आता तहान लागली की माझा हात ओढून माठापाशी नेते. बोलत नाही. कासुर्डीला आत्यानं कुणी घेत नव्हतं अशा थोड्या म्हाताऱ्या मेंढ्या पाळल्या. बिरू त्यांच्यामागं बांधाबांधानं चालतो. त्याचं डोकं आपटणं कमी झालंय, थांबलेलं नाही.

मी तिला शेवटचं भेटले ते भाऊबीजेला. दौंडला जाताना कासुर्डीला उतरले. संतोष, सारिका, गौरी आदल्या दिवशीच आले होते. आत्या न्हाऊन, नवं लुगडं नेसून बसली होती. पाट मांडलेला, तबक तयार. आबांचा एक नेम होता. बिऱ्हाड कुठल्याही डोंगरात असो, बहिणीला शोधत भाऊबीजेला यायचे. दुपार कलली. सारिका दहादा रस्त्यापर्यंत जाऊन आली, तिचाही बापच होता तो. शेवटी म्हणाली, आबांना फोन लावू का.

"नको. त्याला पूजाला उजवायची हाय," आत्या म्हणाली. "आधीच दोन जागी नकार आलाय तिला. माज्या दारात दिसला तर लोकं परत बिरूचं काढत्याल. आमच्यात तसलं कुनी न्हाई, असंच त्यानं म्हनत ऱ्हावं. तेच बरं."

मग ती तबक घेऊन उठली. बिरू मेंढ्या घेऊन बांधावर होता. कपाळाला हात लावलेला त्याला चालत नाही, एका जागी बसणं तर नाहीच. ती त्याच्या मागं चालत गेली. तो थांबला की थांबायची, चालला की चालायची. वात वाऱ्यानं विझली. दोन हातांच्या अंतरावर उभी राहून, त्याच्या पाठीलाच, तिनं ओवाळलं. अक्षता टाकल्या त्या मेंढ्यांवर पडल्या.

परत आली तेव्हा तिच्या तोंडावर काही नव्हतं. सारिका अजून रस्त्याकडं बघत होती. आत्या तिला म्हणाली, "न्हाई यायचा तुजा बाप. निघा तुमी आता. सकाळी कामावर जायचंय तुला."

सारिकानं गौरीला उचललं. आत्यानं पाट भिंतीला लावून ठेवला.